चौदावी घटनादुरुस्ती आणि स्वरांगीचं बाळंतपण

एनिस, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सुलेखास,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. यांची हॉस्पिटलातली ड्यूटी आणि बाहेरचा वारा, दोन्ही थांबायचं नाव घेत नाहीत.

गेल्या रविवारी फोनवर तुला फटकारलं. आता नीट लिहिते, म्हणजे गैरसमज नको. अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकन, हे तिथल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत स्वच्छ लिहिलेलं आहे. राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने ते पुसता येत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य. पण तिथल्या सुप्रीम कोर्टात तहहयात नेमलेले नऊ न्यायाधीश उन्हाळ्यात काय निकाल देतील, याची हमी कोण घेणार? इथे आयर्लंडमध्ये २००४ साली हाच हक्क लोकांचं मत घेऊन काढला. मी विरोधात मत दिलं, हरले. पण मला विचारलं तरी. यावर तू म्हणालीस, “ताई, हक्क मतदानाला टाकायचेच नसतात गं!” वाक्य उत्तम आहे. एलएल.बी. मी झाले, तू केमिस्ट्रीवाली. तरी वाक्य तुझ्याकडे.

स्वरांगीलाही मी हेच सगळं मुद्देसूद ई-मेलने कळवलं होतं. तिला लिहिलं, “तू आणि जावईबापू अनीश दोघंही वर्क व्हिसावर, बाळाच्या नागरिकत्वाचं कोर्टात अडकलंय, तेव्हा मे महिन्यात बाळंतपणाला इकडे ये.” पोरीचं उत्तर आलं, “आई, यू आर ग्रँड. मावशी हॅज इट ऑल सॉर्टेड.” इथे ‘यू आर ग्रँड’ म्हणजे राहू दे, गरज नाही. खाली तुझा मुद्दा: स्वरांगी लिमरिकला जन्मलेली, आयरिश नागरिक, तिचं मूल कुठेही जन्मलं तरी आयरिश असणारच. बरोबर आहे. मला हे सुचायला हवं होतं.

सुचलं होतं. लिहिलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सुलेखा. न्यू जर्सीत तिचं घर तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, म्हणून ते माहेर होत नाही. डोहाळजेवण तू केलंस. हिरवी साडी तू निवडलीस आणि फोटोत तिचा हात तुझ्या खांद्यावर होता. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे राहून आली की आठवडाभर तुझ्यासारखी हसायची. तेही मला खपायचं नाही. मी डिंक आणि अळीव आणून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवलेत, हे विचारतात, “कुणासाठी?” मी ओरडते त्यांच्यावर.

निकाल तुझ्या बाजूने लागावा, असंच मला वाटतं. स्वतःच्या नातवंडाच्या हक्कावर मी पाणी सोडणारी नाही.

मला एप्रिलअखेरीस यायचं आहे. तिकीट काढलेलं नाही, कारण तिने बोलावलेलं नाही. ते बोलावणं तू मिळवून दे. मला मागता येत नाही. तिच्या स्वयंपाकघरात तू सांगशील ते करीन, मध्ये बोलणार नाही. मात्र बाळाला पहिली अंघोळ मी घालणार. त्यावर अपील नाही.

तुझी ताई, पण आधी
स्वरांगीची आई