दुर्गाचं बोट

शुक्रवार, संध्याकाळ, खामगाव

अजून डोकं तापलेलंच आहे. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे माझ्या पहिलीतल्या दुर्गानं ओळीखाली बोट फिरवत अख्खा धडा म्हटला. साहेब खूश. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं आणि मध्येच पान उलटलं. बोट नव्या पानावर फिरतच राहिलं, तोंडी तोच पाठ केलेला धडा.

नंतर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एम.ए. करून राह्यल्या म्हणून शाळेची इज्जत काढता काय? बढती पाहिजे ना तुमाले?"

हवी होती. त्यासाठीच तर हे शिक्षणातलं एम.ए. करायला घेतलं. पण मूल वाचायला कसं शिकतं हे तिथं कळलं, आणि आता ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही. अकरा वर्षं मीही त्यालाच वाचन म्हणत आले. किती पोरं तशीच पुढे ढकलली मी?

बढतीचा अर्ज पर्समध्येच होता. फाडला. नवा लिहिला: पुढच्या वर्षीही मला पहिलीच द्या.