ताईने पुसलेली खूण

पॅरिस, २७ मे

बाबा,

गुडघा काय म्हणतोय? मी बरा आहे. सध्या कालव्याकाठच्या एका खानावळीत भांडी घासतो. मालक तापट, पण कांद्याचं सूप असं करतो की त्याला सगळं माफ. साबणाने बोटं सोलवटलीत म्हणून अक्षर असं. शाळेत तरी कुठे बरं होतं, म्हणशील.

ताई पहिल्याच फेरीत हरली, ते कळलंच असेल. स्कोअर कळला असेल, मॅच नाही.

मी पहिल्या रांगेत होतो. शेजारी एक म्हातारी, मांडीवर छत्री. म्हणाली, "ही तुझी कोण?"

"बहीण."

"मग नखं खाऊ नकोस रे, हवी तर ही छत्री धर."

तिसरा सेट, पाच-सहा, समोरच्या स्लोव्हाक पोरीचा मॅच पॉइंट. तिचा फटका ताईच्या मागच्या रेषेशी पडला. रेषेवरचा पंच ओरडला, "बाहेर!" म्हातारीने माझा दंडच आवळला. म्हणजे ड्यूस, पुन्हा बरोबरी. अजून जीव होता.

ती पोरगी जाळीशी धावली. "रेषेवर होता! या, बघा चेंडूची खूण!" पंचबाई उंच खुर्चीवरून उतरू लागल्या. ताई खुणेपाशी आधीच पोचली होती. वाकली. त्या लाल मातीत खुणा ढीगभर; शेजारची एखादी दाखवली असती तर कोणाला कळणार होतं? मी मनात म्हणत होतो, गप्प राहा, नुसती गप्प राहा.

ताईने बूट फिरवला आणि खूण पुसून टाकली. पंचबाई अजून शेवटच्या पायरीवर होत्या.

खूण पुसली म्हणजे चेंडू आत, मान्य. तुला मी काय सांगू, बाबा.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकलो. "वेड लागलंय का? त्या बाईला बघू तरी द्यायचंस!"

"चेंडू आत होता. आणि ती चुकली असती तर? बारा वर्षांची असताना मी तशीच गप्प राहिले होते. बाबा कुंपणापलीकडून ओरडला, 'खुणेकडे बघू नकोस, खेळ!' मी खेळले. ती दुसरी मुलगी आईच्या कुशीत रडत होती, लोईक. आणि आपण मी जिंकलेल्या कपातून संत्र्याचा रस पीत घरी गेलो."

मला त्या दिवशीचा फक्त रस आठवतो. तुझा आणि ताईचा अबोला तुझ्या आरडाओरड्यावरून आहे, असंच मी आजवर धरून चाललो होतो.

मग तिने विचारलं, "तो कप अजून क्लबात फळीवर आहे?"

म्हटलं, "बाबा रोज पुसतो." मला वाटलं, हसेल. हसली नाही.

शनिवारच्या गाडीने आम्ही येतोय. म्हणजे, मी येतोय. ती वाटेतल्या रेन स्टेशनपर्यंत येईन म्हणते; पुढे यायचं की मागे फिरायचं, ते तिथे, तुझं उत्तर ऐकून ठरवणार. तिथून मी तुला फोन करेन आणि एकच विचारेन, फळीवर काय आहे. खरं तेच सांग. ती माझ्या शेजारी कान लावून उभी असेल.

आम्हा दोघांकडून, पण सही सध्या एकट्याची,
लोईक