कंपनीला आई नसते

३ ऑक्टोबर

आले बाई एकदाची अलेक्झांड्रियाला. गाडीत सारा वेळ मांडीवर टोपली, टोपलीत चार जिवंत कबुतरं, शेजारच्या बाबाच्या कोटावर त्यांनी काय केलं ते लिहीत नाही. रोदैना स्टेशनावर आली होती. म्हणाली, तेता, कबुतरं इथेही मिळतात गं. मी म्हटलं, ती तुमची शहरी, ही आपल्या गावची, दमनहूरची. पोटात भात भरून शिजवते, मग बोल. तेता म्हणजे मी, तिची आजी. तिचे आईबाप कुवेतला, पोर एकटी, म्हणून मी आले. साक्षरता वर्गाच्या बाईंनी बजावलंय, रोज लिहा, नाहीतर अक्षरं उडून जातील.

घर झकास. खिडकीतून दोरीला टोपली सोडली की खालचा भाजीवाला भेंडी भरून देतो. रोदैना मात्र दिवसभर दार लावून कॉम्प्युटरशी. काय करतेस म्हटलं, तर लोकांना उत्तरं देते म्हणाली. कोणाच्या वतीनं ते सांगायचं नाही अशी नोकरीची अट आहे. मास्तरीणच झाली की माझी नात.

९ ऑक्टोबर

समोरच्या दारातली उम्म तामेर, म्हणजे तामेरची आई, रडत आली. तिचा फोन भट्टीतल्या रोटीसारखा फुगला आणि मेला. त्यात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज होता; "भाकरी आणू का गं" एवढंच म्हणायचा, पण ती रोज ऐकायची. फोनची कंपनी म्हणते हमीची मुदत संपली. मी म्हटलं, घर दाखव त्या कंपनीचं, दारात उभी राहून तळतळाट देते. ती रडता रडता हसली. मला मानानं हाज्जा म्हणते. म्हणाली, हाज्जा, घर हेच, आणि मुलाच्या फोनवर कंपनीचं पान उघडलं. खाली सगळं गाव शिव्या देत होतं.

गावात म्हणतात माझी जीभ लागते. कालव्याचं पाणी चोरणाऱ्या शाबानला एकदा बोलले, तर त्याची म्हैस बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून माणसाला बोलायचं तर मी जीभ चावते. पण कंपनीला आई नसते, लेकरू नसतं. लागणार कोणाला? उम्म तामेरनं माझ्या फोनवर मला नाव दिलं, "दमनहूरची तेता", वर गुलाबाचं चित्र. मी लिहिलं: आमच्या माणसाचा आवाज गिळलात, तुमचा गळा बसो.

१४ ऑक्टोबर

हजारो लोकांनी बदाम पाठवलेत. मला! सत्तरी आली, नवऱ्यानं कधी एक वाक्य पुरतं ऐकलं नाही.

रोज वाचते आता. एकाचं लग्न मोडलंय, एकाला नोकरी नाही, एकीचा मुलगा समुद्रापार गेला तो गेलाच. आणि लिहितात काय, तर फोन भिकार आहे. मला कळतं ना. रोटीवाल्याशी भांडावं तर उद्या रोटी त्याच्याकडूनच घ्यायची. सरकारला बोलावं तर दारात पोलीस. मुलाला बोलावं तर तो परदेशातून फोन बंद करतो. उरलं कोण? कंपनी. ती कधी उलटून बोलत नाही.

रोदैनाचा घसा बसलाय. समुद्राचा वारा. पेरूची पानं उकळून दिली.

२० ऑक्टोबर

प्रत्येकाला कंपनीचं एकच उत्तर: प्रिय ग्राहक, गैरसोयीबद्दल क्षमस्व. प्रिय म्हणे. मी लिहिलं: ज्या हातानं हे लिहिता, तो तुमच्या बॅटरीसारखा फुगो. लोक नुसते नाचले. खाली विचारतात, तेता, उद्या काय?

२३ ऑक्टोबर

रोदैनाची बोटं सुजलीत. डॉक्टर म्हणे टायपिंगनं होतं. अंगठी साबण लावून काढली. रडली नाही पोर.

२५ ऑक्टोबर

आज तिनं मला आत बोलावलं. आवाज नाही, नुसती कुजबुज. तेता, सुट्टी मागितली तर काढून टाकतील, मी सांगते तसं तू दाब. बसले एका बोटानं दाबत. मग पडद्यावर गुलाब आला.

माझा गुलाब. खाली माझे शब्द.

रोदैना कुजबुजली, ही बाई भारी आहे हं. बाकीचे नुसते भुंकतात, हिचं वाचलं की लागतं. लिही तिला, प्रिय ग्राहक.

मी लिहिलं.

२६ ऑक्टोबर

शाप परत घ्यायचा तर ज्याला लागला त्याच्याकडे माफी मागावी लागते. रोदैनाचे पाय धरले. म्हटलं, ती मी होते. ती म्हणाली, जाऊ दे तेता, सगळेच लिहितात.

उम्म तामेरकडून सगळं पुसून घेतलं.

२८ ऑक्टोबर

पुसलं जात नाही. लोकांनी उतरवून घेतलंय. गळा बसो, हात फुगो — शेकडो नावांनी, त्याच पानावर. मी लिहिलं, थांबा, तिथे माझी नात बसलीय. खाली हसणारी तोंडं. तेता आज फॉर्मात आहे म्हणतात.

सूज कोपरापर्यंत.

३० ऑक्टोबर

आशीर्वाद लिहिते. दिवसभर. कोणी उतरवून घेत नाही.

कॉम्प्युटरची वायर ओढून काढली. तर हातातल्या फोनवर वाचते. वाचू नकोस म्हटलं — मान हलवते, डोळे तिथेच. उत्तर राहिलं तर नोकरी जाईल —

कुवेतचा फोन लागत नाही.

३१ ऑक्टोबर

उम्म तामेर खुशीत आली. हाज्जा, देशभर तुझ्या लेकी झाल्या, आता स्वतःचे शब्द रचतात. अस्वानच्या कोणा आजीनं लिहिलंय, तुमचा श्वास —

तिच्या तोंडावर हात दाबला. रोदैनानं आधीच वाचलं होतं.

१ नोव्हेंबर

डॉक्टर येतो म्हणाला. वाट बघतेय. एका हातानं तिची पाठ चोळते, दुसरा हात रिकामा ठेववत नाही. श्वास आला की लिहिते.

आला.

आला. छातीत शिट्टीसारखा — पण आला.

फोन उजळतोय. उशीखाली टाकला, तिथेही उजळतोय —

आला.

थांब. बाळा, घे —

आला.

अजून एक. रोदैना, माझ्याकडे बघ, घे अजून —