केसाळ रानवाटाण्याच्या बिया

मंगळवार, ४ मार्च
आज सर पुन्हा त्या नव्या पोरीच्याच टेबलापाशी! पाऊण तास! जेलीच्या पातळ थराकडे दोघं डोकं खुपसून बघत होते. बी दळायचं, त्यातली प्रथिनं त्या थरात सोडायची, वीज लावायची, रंग द्यायचा — की निळ्या रेघा उमटतात. नात्यातल्या झाडांच्या रेघा जुळतात म्हणे, एकाच जातीच्या तर तंतोतंत. सर हसत म्हणाले, "बाई, तुम्ही तीस वर्षं पानं मोजलीत, ही दोन दिवसांत सांगते!" मीही हसले.

गुरुवार, ६ मार्च
तिला आता माझा केसाळ रानवाटाणा हवाय. "मॅडम, साध्या रानवाटाण्याहून तो खरंच वेगळा आहे का, बघूया ना."
खरंच म्हणे! कड्यावर तो पहिल्यांदा दिसला तेव्हा सरांनी स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती. "नवी जात शोधलीत, बाई!" किती ऊन होतं त्या दिवशी. पुस्तकात त्या जातीपुढे माझं नाव छापलंय. मूलबाळ नाही मला. असलंच तर ते.

शुक्रवार, ७ मार्च
केलं!
दोन्ही पुड्यांत साध्या रानवाटाण्याच्याच बिया भरल्या. एकीवर माझ्या जातीचं नाव घातलं आणि दोन्ही तिला दिल्या. मला खूश करायला 'वेगळ्या आहेत' म्हणाली, की सरांसमोर पितळ उघडं पाडायचं. असल्या लबाडीला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी शिक्षा म्हणून गुडघ्यांवर बसवलं असतं. बसले असते. पुडी मात्र परत मागितली नसती.

बुधवार, १२ मार्च
ती आली. दार लोटून उभी राहिली. "मॅडम, रागावू नका हं. दोन्हींच्या रेघा एकच आहेत. तीनदा करून बघितलं. सरांना अजून बोलले नाही — म्हटलं, आधी तुम्हाला."
खोटं बोलली असती तर बरं झालं असतं! डोळे भरले होते पोरीचे, माझ्यासाठी. मग मी सगळं सांगून टाकलं. ती बघतच राहिली. "बापरे, मॅडम! तुम्ही तर माझ्या सासूच्याही वरताण!" आणि हात पुढे केला. "द्या आता खरी पुडी."
दिली. माझी जात सिद्ध व्हायची ती हिच्याच हातून — तेवढंही सलतंय!

गुरुवार, २० मार्च
खऱ्या बियांच्या रेघा आल्या. त्याच. साध्या रानवाटाण्याच्या, एकूण एक त्याच.
ती हळूच म्हणाली, "आणखी एकदा करू?"
"नको. सरांना मीच सांगते."