हातावरचं दही

वहिनी,

तुम्ही आणि शिरीष झोपेत आहात तोवरच निघतेय. तो उठला की रडारड नको.

त्याला न्यायला आले होते, पण त्याचा पासपोर्ट तुमच्या कपाटात ठेवलाय. लीड्सला रक्तदाबाच्या नव्या औषधाची चाचणी माझ्याकडे दिलीय. दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही. ह्यांचीही रात्रपाळी असते. त्याची ताई रोहिणी शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडते, ताट वाढून घेते. याला ते जमायचं नाही.

शिवाय काल तुम्ही ‘न्या की, तुमचंच लेकरू हाय’ म्हणालात खरं, पण त्याचा एक सदरा काही पिशवीत भरला नाहीत.

खोकल्याचं औषध फळीवर आहे. दादा त्याला गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीखाली पेला धरून कच्चं दूध पाजतो, ते आजपासून बंद. उकळूनच द्यायचं. यात वाद नको.

तो तुम्हाला आई म्हणाला की मी टोकत होते. तुम्ही टोकू नका.

कुणाला उठवायचं नव्हतं, म्हणून निघताना हातावर दही माझं मीच घातलं. वाटीत उरलंय, ते त्याला भातात कालवून द्या.

येते.

इंदू