तीन ब्लॉगांची वाटणी

जालना

चि. सोमेश्वर यास,
धाकट्या मामीचे आशीर्वाद. (रागात दिले असले तरी लागू पडतील, काळजी नसावी.) तुझी पाठ आता कशी आहे? दिवसभर खुर्चीत वाकून बसणाऱ्याची पाठ दुखणारच, हे मी तू आठवीत असल्यापासून सांगत आले. तुझ्या आईचा गुडघा बरा असेल असे समजते. इकडे तुझे मामा ठीक आहेत. पुढे जे लिहिले आहे त्यात त्यांचा काही भाग नाही, कारण सगळा वेळ ते पेपर वाचत होते.

मुख्य मुद्दा असा की तू चुकलास आणि ते मला लेखी कळवायचे आहे. माझे तिन्ही ब्लॉग तू एकाच सर्व्हरवर ठेवलेस. म्हणजे दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाचा, लग्नाकार्यांत लोकांनी कसे वागावे याचा, आणि आपल्याकडच्या स्वयंपाकाचा. ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले तर गुगलवर वर येतील का, असे मी विचारले तेव्हा तू फोनवर हसलास. (मला ऐकू आले. तू फोन बाजूला धरला होतास, पण पुरेसा लांब नव्हे.) मग म्हणालास, मामी, होस्टिंगने काही फरक पडत नाही, फक्त पान पटकन उघडलं पाहिजे, तुम्ही लेख नीट लिहा, येसराच्या पाककृतीआधी कॉन्व्हेंटमधल्या आठवणींचे नऊ परिच्छेद आहेत तेवढे काढा. सोमेश्वर, ज्या बाईने सिस्टर अगाथांच्या हाताखाली निबंध लिहिले तिला प्रस्तावना काढायला सांगणे म्हणजे दार काढून घरात या म्हणण्यासारखे आहे. मी एक शब्दही काढला नाही आणि काढणार नाही.

पण मी हे का विचारत होते, ते तू विचारले नाहीस. आमच्या शालूने बंगलोरला येसराची आमटी केली आणि तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पांढरट, वर ओल्या खोबऱ्याचा कीस, आणि खाली लिहिले होते की चवीला साखर घातली. येसरात साखर. धान्ये आणि मसाले भाजून दळलेले ते पीठ पिढ्यान्‌पिढ्या हसनाबादच्या घरात होते आहे, त्याच्या जवळसुद्धा कुणी साखरेचा डबा आणला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की तिने फोनवर येसर शोधले आणि सगळ्यात वर जी बाई आली तिचे ऐकले. ती बाई पुण्याची. माझा लेख कुठेतरी खाली, जिथे माणसाचे बोट पोचत नाही. मी म्हटले, शालू, आईला विचारायचे. तर म्हणते, तुला विचारलं की तू आधी माझं वाक्य सुधारतेस. (तिने 'येसर कशी करतात' असे विचारले असते तर सुधारले असते. येसर नपुंसकलिंगी आहे.) पोटच्या पोरीला आईच्या आधी पुण्याची बाई सापडते, हे मला सहन झाले नाही, आणि होऊ नये असेच माझे मत आहे.

म्हणून मी अमनकडे गेले. गिरधारीलाल सेठांचा नातू, वेबसाईटींचे दुकान चालवतो. माझा विद्यार्थी, स्पेलिंगच्या नावाने शून्य, पण बोलायला गोड. तो म्हणाला, "मॅडम, तिन्ही ब्लॉग एकाच सर्व्हरवर, एकाच नावावर. गुगलला बराबर समजतं की हे एकच घर आहे. एका घराला तो तीन पाट कशाला मांडेल? तीन नावं करा, तीन होस्टिंग करा. बिलकुल वर येतील." मला हे पटले, कारण मी शेतकऱ्याच्या घरची सून आहे. सरकारी योजना आली की भाऊ कागदावर वेगळे होतात आणि जेवतात एकाच चुलीवर, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. जे सरकारला चालते ते गुगलला का चालू नये?

तेव्हा मी हसनाबादला गेले आणि तुझ्या थोरल्या मामा-मामींपुढे विषय काढला. व्याकरण माझ्या नावावर, लग्नातले वागणे तातेराव भाऊजींच्या, स्वयंपाक गोजरबाईंच्या. फक्त नावापुरते, लिहिणार मीच. इथे माझ्याकडून शब्द वापरण्यात गफलत झाली म्हणतात, पण मी ते मान्य करत नाही. मी 'वाटणी' म्हणाले. भाऊजींनी ताबडतोब पागोटे चढवले. आपल्या घरात पंचांशिवाय वाटणी होत नाही म्हणून शेजारच्या पुंजाराम पाटलांना बोलावले, सुपारी आणली, चहा झाला. पुंजारामांना ब्लॉग म्हणजे काय ते समजावे म्हणून मी पुष्कळ बोलले. त्यांनी एवढेच विचारले, "त्याला बांध हाये का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग भांडण व्हणार. म्हून आत्ताच सांगतो, हिस्सा दिला म्हंजे दिला. उद्या माघारी न्हाई मागायचा." मी हसून हो म्हटले. जालन्याला आले आणि अमनकडून तीन ठिकाणी तीन खाती उघडली. ज्याचा ब्लॉग त्याचा मोबाईल नंबर, म्हणजे ओटीपी ज्याच्या त्याच्याकडे.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ब्लॉगवर लेख टाकायला बसले, ओटीपी गेला हसनाबादला. फोन लावला. गोजरबाई म्हणाल्या, "काहून मागून राह्यली?" मी म्हटले, जाऊबाई, लेख टाकायचाय. त्या म्हणाल्या, "वाटणीत आलं ते माझं झालं न्हाई का? तुझं व्याकरण मी मागते का? माझ्या वावरात मी पेरीन." आणि फोन ठेवला. तुझ्या मामांनी पेपराआडून विचारले, दिला का आकडा?

त्यांनी खरोखरच पेरले. लिहायचा कंटाळा म्हणून फोनपुढे बोलत गेल्या आणि फोन लिहीत गेला. माझा येसराचा लेख सबंध काढून टाकला (सिस्टर अगाथांसह) आणि स्वतःचा घातला. त्यात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, प्रस्तावना तर नाहीच. पहिलेच वाक्य आहे, बाजरी भाजताना नाक ठिवायचं तव्यावर अन् मन घरात. फोटो एकच, त्यात अर्धे येसर आणि अर्धा त्यांचा अंगठा. खाली बायका प्रश्न विचारतात आणि या प्रत्येकीला उत्तर देतात, एकीला तर तुझी सासू काय म्हणती तेही विचारले. भाऊजींनी लग्नातल्या वागण्यावरचे माझे सगळे लेख तसेच ठेवून वर नवा लेख टाकला आहे. शेजाऱ्याने आपला बांध कसा कोरला, नकाशासह. शेजारी म्हणजे पुंजाराम.

आता निकाल ऐक. माझा व्याकरणाचा ब्लॉग अमनच्या नव्या होस्टिंगवर दुपारी उघडतच नाही, सकाळी उघडतो पण मुलाची शाळेत जायची वेळ होईपर्यंत उघडत राहतो. जागा बदलताना जुने पत्ते मोडले, त्यामुळे जी चार मुले येत होती तीही रिकाम्या पानावर येऊन परत गेली. होता तिथूनही तो खाली गेला. तू म्हणाला होतास की होस्टिंगने फरक पडत नाही. पडला. म्हणजे माझे म्हणणे बरोबर होते, फक्त दिशा चुकली. आणि गोजरबाईंचा लेख, अमनच्याच तसल्याच रडक्या होस्टिंगवर बसून, पुण्याच्या बाईच्या वर गेला आहे. यावर तू पुन्हा हसू नयेस म्हणून मी पत्र लिहिते आहे, फोन केला नाही.

गेल्या रविवारी शालूचा फोन आला. म्हणाली, आई, येसर जमलं, भाजतानाच सगळ्या मजल्यावर वास गेला, शेजारची कन्नड बाई वाटी घेऊन आली. मी विचारले, कुणाचे वाचून केलेस? म्हणाली, मोठीआईचं, अगदी ती शेजारी उभी आहे असं वाटत होतं. पहिल्यांदा हसनाबादची चव आली. मी म्हटले, छान. दुसरा शब्द व्याकरणात बसेना म्हणून मामांना फोन दिला.

पण याचा अर्थ मी हार मानली असा काढू नकोस. ब्लॉग मी सुरू केला, नाव मी दिले, वाटणी माझी कल्पना होती. शालूला आपल्या घरचे येसर सापडले ते माझ्यामुळे सापडले. हसनाबादला हे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तुला कळवले.

तुझी मामी,
वंदना

ता. क. हे पत्र शालूला किंवा गोजरबाईंना दाखवायचे नाही.

ता. क. २. ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलेच. गोजरबाईंचा ब्लॉग त्या होस्टिंगवरून काढून तुझ्या जुन्या सर्व्हरवर आण, आणि माझाही परत त्याच्या शेजारी. पानांचे पत्ते एका अक्षराने बदलू देऊ नकोस. बंगलोरला एखाद्या दुपारी पान उघडले नाही तर पोरगी परत त्या साखरवालीकडे जाईल. एका सर्व्हरवर ठेवल्याने काय होते ते अमनने मला सांगितले आहे, तरी आण. ओटीपी त्यांच्याकडून तू माग, तुला देतील. कल्पना कुणाची म्हणून विचारले तर तुझी म्हणून सांग.

ता. क. ३. त्यांच्या येसराच्या लेखात उडदाचे प्रमाण दिलेले नाही. खाली 'एक वाचक, जालना' या नावाने कुणीतरी ते अत्यंत शुद्ध भाषेत विचारले होते. गोजरबाईंनी सगळ्यांना उत्तरे दिली, त्या वाचकाला मात्र लिहिले आहे, वंदना फोन कर सांगते. मी फोन करणार नाही. ओटीपी मागशील तेव्हा तेवढे विचारून घे.