कोटाच्या खिशातलं अंडं

ता. ६ ऑक्टोबर

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझी लेक सुखरूप पोचली. पत्राला उशीर झाला, कारण तिच्या तीन बॅगांना जागा करता करता माझ्या दोन खोल्यांची दीड खोली झाली. तिचं कागदावरचं नाव माझ्या जिभेला पेलत नाही, म्हणून मी लहानपणचं ठकूच चालू ठेवलं आहे. तीही निमूट ओ देते.

अमेरिकेत वाढलेलं लेकरू माझ्याकडे, या थंड परमुलखात, वर्षभर कसं राहील याची धास्ती होती, पण पोर गुणी आहे. फक्त हसते फार. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला हसते, बसमधून उतरताना ड्रायव्हरला दिवस छान जावो म्हणते. तो बिचारा आरशातून तिच्याकडे संशयानं बघत राहिला. आल्या दिवशी तिनं कपडे वाळवायचं मशीन कुठे आहे असं विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेरची दोरी दाखवली. आता चिमटे तोंडात धरून कपडे वाळत घालायला शिकली आहे.

खाण्याचं मात्र कठीण आहे. सकाळी घास उतरत नाही म्हणते आणि रिकाम्या पोटी पळते. डबा दिला तर विसरते. मी एक युक्ती काढली आहे, लागू पडली तर सांगेन.

आणखी एक. आत्या ग्रंथालयात असते असं तू तिला सांगून ठेवलं आहेस. खोटं नाही म्हणा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारातच माझा काउंटर आहे. इथल्या थंडीत सगळे जाड कोट घालून येतात आणि ते दारातच ठेवावे लागतात. लोकांचे कोट घ्यायचे, बिल्ला द्यायचा, कोट टांगायचा. पुस्तकं माझ्यापासून वीस पावलांवर. पण पोरगी मला विचारते, आत्या, तू हल्ली कुठलं पुस्तक वाचते आहेस. मी विषय बदलला. तू बांधलेली गाठ आहे, तूच सोडव.

वहिनींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, जास्तीची मागणी नाही.

तुझी धाकटी,
बेबी

---

ता. १९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ठीक आहेच्या पुढे जात नाही, म्हणून आठवड्याला एक पत्र आणि तेही मराठीत, ही तुझी अट. गेल्या आठवड्याचं राहिलं, म्हणून हे लांबलचक.

इथे प्राध्यापक दोन तास पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचतात आणि मान वर करत नाहीत. पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारायला हात वर केला, तर सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. तेव्हापासून माझं नाव अमेरिका पडलंय. अमेरिका आली का, अमेरिकेला पेन द्या, असं चालतं. दोन मैत्रिणी झाल्या आहेत. एक चष्मेवाली, भित्री आणि हुशार. दुसरी उंचाडी. तिचे वडील मोठे सर्जन आहेत आणि हे ती दिवसातून एकदा तरी सांगतेच. पण माझ्याशी पहिल्यांदा तीच बोलली, आणि तिच्याशिवाय मी अजूनही एकटीच जेवत असते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मी अंघोळीला जास्त वेळ लावला की काठीनं छत ठोकतात. आता मी गाणं म्हणत नाही, फक्त अंघोळ करते.

बाबा, एक सांगायचं आहे. आत्या ग्रंथालयात असते हे तू सांगितलं होतंस. दहा दिवसांपूर्वी आम्ही तिघी पहिल्यांदा तिथे गेलो, तर कोटांच्या काउंटरवर आत्या होती. निळा कामाचा झगा, छातीवर नंबर. उंचाडीनं तिच्याकडे न बघताच कोट काउंटरवर टाकला. मग माझी पाळी आली. मी कोट दिला, बिल्ला घेतला, थँक यू म्हटलं आणि आत गेले. आत्यानंही ओळख दाखवली नाही. संध्याकाळी मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली की बरं केलंस, कामाच्या जागी काम. मग तसंच ठरून गेलं. वर्ग शेजारीच भरतात, म्हणून आता मी रोज सकाळी तिला कोट देते आणि ती रोज मला बिल्ला देते.

अकराच्या सुमाराला माझ्या कोटाच्या आतल्या खिशात कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं येतं. आत्या काउंटरमागच्या किटलीत उकडते. सुट्टीत कोट घेऊन बाहेर पडले की ते खिशात गरम असतं आणि बोटांना ऊब मिळते. मी ते जिन्याखाली उभी राहून खाते, कुणी बघू नये म्हणून. हे लिहिताना बरं वाटत नाहीये. तुला काय वाटतं ते कळव.

आईला पापा. मला विसरू नकोस.

तुझी,
ठकू (आता मी हीच)

---

ता. २ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं मराठी माझ्या अपेक्षेपेक्षा बरं आहे. अभ्यासाकडे लक्ष दे, आणि वर्गात एकदम हात वर करू नकोस. जसा देश तसा वेश.

आत्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. ती स्वतःच कामाच्या जागी काम म्हणाली, तर तिचं ऐकावं. कॉलेजात नाती मिरवायची काही गरज नसते. ती समजूतदार आहे, तिला त्यात काही वाटणार नाही. तू वर्षभरासाठी गेली आहेस, चार चांगल्या ओळखी होत असतील तर होऊ देत.

अंडं मात्र खात जा. तुझ्यावर जीव असणारा,

बाबा

---

ता. २३ नोव्हेंबर

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

खास काही नाही, म्हणून पत्र छोटं. माझी जागा बदलली आहे. काउंटर सुटला आणि आता तळघरात बसते. लोकांनी विसरलेल्या वस्तू तिथे येतात. छत्र्या, एकेकटे हातमोजे, परवा तर दातांची कवळी आली. त्यावर चिठ्ठी लावायची आणि फळीवर ठेवायची. दिवसभर उभं राहणं वाचलं, गुडघ्यांना बरंच आहे. एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघितलं, आता थोडे दिवस छत्र्यांकडे बघते.

ठकू जेवत नाही. ताटावर बसते, चिवडते आणि उठते. तिला तू काही विचारू नकोस. या वयात पोरांना आपोआप भूक लागते. मी वरणभाताची जबरदस्ती करत नाही, तूही प्रश्नांची करू नकोस.

पंधरा तारखेला आमच्याकडे कमिटी आहे, दरवर्षी असते तशीच. त्यात विशेष नाही.

वहिनींच्या पाठीचं कसं आहे? आठवण ठेव, एवढंच.

बेबी

---

ता. २५ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आईला वाचून दाखवू नकोस, आधी एकटा वाच.

गेल्या गुरुवारी उंचाडी तिचा बिल्ला हरवला म्हणून सांगायला काउंटरवर गेली, तेव्हा तिनं आत्याचा हात माझ्या कोटाच्या खिशात बघितला. ती थेट देखरेखीच्या साहेबांकडे गेली. तिला वाटलं ती माझ्यावर उपकार करते आहे. तिथे एकच नियम सगळ्यात मोठा आहे, की कुणाच्याही खिशाला हात लावायचा नाही.

मला वर्गातून बोलावलं. साहेबांच्या टेबलावर माझा कोट ठेवला होता. आत्या भिंतीशी उभी होती, उंचाडी आणि चष्मेवाली दारात. साहेबांनी माझ्यासमोर खिसे रिकामे केले. रुमाल, बसचा पास आणि कागदात गुंडाळलेलं ते अंडं निघालं. साहेबांनी विचारलं की काही गेलंय का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी अंडं उचलून विचारलं की हे कुणाचं. उंचाडी हसली.

बाबा, मी म्हटलं की अंडं माझं आहे, मी घरून आणलं.

तेवढंच खोटं बोलले, पण त्या एवढ्याशा खोट्यानं सगळं झालं. अंडं मीच आणलेलं असेल, तर आत्याचा हात माझ्या खिशात कशाला होता? साहेबांनी तिला तेच विचारलं. ती म्हणाली की अस्तर उसवल्यासारखं दिसलं, म्हणून बघत होते. साहेबांनी अस्तर उलटं करून बघितलं. ते धड होतं. आत्यानंच त्याआधीच्या रविवारी शिवलं होतं.

ती पुढे काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तिला त्याच दिवशी तळघरात पाठवलं आणि पंधरा डिसेंबरला कमिटी तिला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहे. एकोणीस वर्षांत तिच्या नावावर एक ओरखडा नव्हता, हे मला साफसफाईच्या बाईंनी सांगितलं. आत्यानं घरी मला एका शब्दानं विचारलेलं नाही. सकाळी अंडं आता ताटलीत ठेवते, मीठ बाजूला. मला ते गिळवत नाही.

मी एकदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आतून हसण्याचा आवाज आला म्हणून. मला माझी एवढी लाज वाटते की आरशात बघून वेणी घालता येत नाही. तू रागावलास तरी चालेल, पण उत्तर लवकर दे.

तुझी,
ठकू

---

ता. ४ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

रागवायला मला तोंड नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बेबीचंही आलं. तिनं गुडघ्यांना बरंच आहे असं लिहिलं आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मी बसून राहिलो. तुझ्या आईनं विचारलं काय झालं, तर मी डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हटलं. मग तिला दोन्ही वाचायला दिली. तू नको म्हणाली होतीस, पण आता मला काही लपवायचं नाही.

माझ्या लग्नात तुझ्या आजोळच्या लोकांनी विचारलं होतं की बहीण काय करते. ती त्या वेळी एका हॉटेलात चादरी धुवायची. माझी फी तिच्या त्या कामातून गेली होती. मी म्हटलं ती ऑफिसात असते. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिनं लगेच मान डोलावली आणि ऑफिसात हल्ली फार काम आहे, असंही वर म्हणाली. पुढे मी ऑफिसाचं ग्रंथालय केलं. तू मला विचारलंस तेव्हा मागच्या महिन्यात मी तुला काय लिहिलं ते मला पाठ आहे. ती समजूतदार आहे, तिला काही वाटणार नाही. तीस वर्षं मी हेच म्हणत आलो आणि तिच्या समजूतदारपणावर जगलो. तू माझ्याकडूनच शिकलीस, दुसरं कुठून शिकणार?

बेबी काही बोलली नाही असं तू लिहितेस. ती बोलणारही नाही. तेव्हा पंधरा तारखेच्या आत तूच जा. तिची माफी नंतर माग, घरात तोंड लपवून माफी मागणं सोपं असतं. आधी साहेबांकडे जा आणि त्या दोघी मैत्रिणींना बरोबर ने. आतून हसण्याचा आवाज आला तरी जा.

मी बेबीला वेगळं लिहितो आहे. चार दिवसांत दोन ओळी झाल्या आहेत.

तुझा,
बाबा

---

ता. १७ डिसेंबर

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनच पानं, पण ती तू लिहिलीस हे मी जपून ठेवीन. लग्नातलं ऑफिस मी विसरले असं मी नेहमी म्हणायचे. विसरले नव्हते. आता बहुतेक विसरेन.

कमिटीचं आधी सांगते, तुझा जीव टांगणीला नको. मला काढलेलं नाही. काउंटर मात्र मार्चपर्यंत नाही, कारण खिशात हात घातला तो घातलाच, मग खिसा भाचीचा असो की राजाचा. नियम बरोबर आहे. मीच नव्या मुलींना तो शिकवत आले.

तेरा तारखेला मी तळघरात छत्र्यांना चिठ्ठ्या लावत होते, तर मला वर बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत ठकू उभी होती, मागे तिच्या दोघी मैत्रिणी. तिनं सांगितलं की ही माझी सख्खी आत्या, मी हिच्या घरी राहते, अंडं हिनं ठेवलं होतं, रोज ठेवते, आणि मी खोटं बोलले. उंचाडीनं खाली बघितलं. चष्मेवाली रडायला लागली, तिचं काय गेलं होतं कोण जाणे. उंचाडी अजून तिच्याशी बोलत नाही. ठकू म्हणते काही बिघडत नाही. बिघडतं. ती पुन्हा एकटी जेवते, म्हणून दुपारी तळघरात माझ्याजवळ येऊन बसते.

मी तिच्याशी लगेच गोड बोलले असं समजू नकोस. दोन दिवस मी धुसफुसत होते. मला राग आला होता, लागलं होतं, आणि मीही माणूसच आहे. तिसऱ्या दिवशी तिनं भांडी घासताना माझी आवडती कपबशी फोडली आणि त्या निमित्तानं मी तिला सगळं मिळून एकदाच झाडलं. मग दोघी जेवलो.

पण हे पत्र मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायला बसले. तू ठकूला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचायला दिलं. त्यात मी काही बोलले नाही असं तिनं तुला कळवल्याचं दिसलं. दादा, ते खरं नाही. मी बोलले होते.

त्या गुरुवारी ठकूला आत घेण्याआधी साहेबांनी मला एकटीलाच विचारलं होतं, ही अमेरिकन मुलगी तुमच्या ओळखीची आहे का. कोण लागते असं नाही, नुसती ओळखीची आहे का. मी नाही म्हटलं. मला वाटलं, पोरीची चार माणसांत शोभा नको. पण तेवढंच नव्हतं. मलाही त्या झग्यात तिची आत्या व्हायची लाज वाटली. दार उघडं होतं आणि ठकू दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं. त्यानंतर ती आत आली आणि अंडं माझं म्हणाली.

तिनं हे तुला लिहिलं नाही, साहेबांनाही सांगितलं नाही, आणि मी झाडलं तेव्हा मलाही उलटून बोलली नाही. म्हणून मी लिहिते आहे. आधी मी तिला नाकारलं, दादा. तिनं फक्त माझ्या नाहीला धरून पुढचं सांगितलं.

तुमचा सगळ्यांचा लोभ मला हवा आहे. हे सगळं वाचूनही तो राहिला, तर कळव.

तुझी बहीण,
बेबी